गोरोबाकाकांचे थापटणे

चैत्र वद्य एकादशी उजाडली की तेरणाकाठच्या तेर गावाच्या वाटा टाळमृदंगांनी गजबजू लागतात. त्रयोदशी हा श्रीसंत गोरोबाकाकांचा समाधिदिन. परंपरेप्रमाणे शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये, काकांनी आपल्या गावीच देह ठेवला. कालेश्वराच्या सान्निध्यातील समाधीवर माथा टेकून भाविक कृतार्थ होतात आणि परततात.

परतण्यापूर्वी त्यांनी गावातील त्रिविक्रमाचे मंदिर अवश्य पाहावे. विटांनी बांधलेली, मागील बाजूस गोलाई घेतलेली आणि वर गजपृष्ठाकार छप्पर असलेली ही वास्तू नेहमीच्या देवळासारखी दिसत नाही. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तिची ठेवण तत्काळ ओळखू येईल. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे मत पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. पुढील उत्खननांत गावात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. हेच ते प्राचीन तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठी पेठ म्हणून पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. आज त्या गजपृष्ठाकार वास्तूत बळीसमोर पाऊल उचललेला त्रिविक्रम उभा आहे.

एकाच मातीत दोन साधनमार्ग नांदले, हे खरे. म्हणून दोन्हींची शिकवण एकच, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. वेदान्ती आत्म्याला ब्रह्मरूप म्हणतो. भगवान बुद्ध अनात्म सांगतात. आपल्याकडील जुन्या चित्रांत दशावतारांतील नवव्या स्थानी विठ्ठल दाखवितात; बौद्ध बांधवांना हा अवतारविचार मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे. तथापि साधनेच्या वाटेवर पाय कोठे घसरतो, हे दोन्ही परंपरांनी जे पाहिले त्यात विलक्षण साम्य आहे.

काकांच्या चरित्रातील तो हृदयद्रावक प्रसंग आठवा. पत्नी तान्ह्या बाळाकडे लक्ष ठेवावयास सांगून पाण्याला गेली. काका चिखल तुडवीत होते; मुखी नाम, चित्त पंढरीस. बाळ रांगत आले आणि पायाखाली सापडले, तरी काकांना भान नाही. पुढे पंढरीनाथाच्या कृपेने मूल परत मिळाले, या सुखद शेवटाकडे आपण लगबगीने जातो. परंतु क्षणभर त्या मातेपाशी थांबावे. संप्रदायाने तिचा आक्रोश लपविला नाही. तिने पतीला दिलेले दूषणही कथेत तसेच ठेवले. तल्लीनतेचे मोल जवळच्या निष्पाप जिवाने चुकते करावे काय, हा तिचा प्रश्न आहे, आणि कीर्तनात बसलेली प्रत्येक आई तो मनातल्या मनात विचारीत असते.

बौद्धांच्या आर्य अष्टांगिक मार्गात सातवे अंग सम्यक् स्मृती आणि आठवे सम्यक् समाधी. ही दोन अंगे वेगळी का ठेवली असावीत, हे त्या चिखलापाशी उभे राहिले म्हणजे उमगते. समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. स्मृती म्हणजे चालताना, बसताना, जेवताना, काम करताना राखलेले अखंड अवधान. पहिली असून दुसरी नसेल तर पायाखाली काय आले ते कळत नाही. सिद्धार्थ गौतमाने आळार कालाम व उद्दक रामपुत्त या गुरूंपाशी समाधीच्या अत्युच्च अवस्था साधल्या आणि तरीही, हा शेवट नव्हे, असे म्हणून तो पुढे निघाला. तल्लीनतेलाच मुक्काम समजणे हा पहिला धोका.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याची कथाही काकांच्याच अंगणातली. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातील थापटण्याविषयी विचारले. याने मडकी पारखतात, असे काका म्हणाले. मग त्यांनी प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेव तेवढे रागावले. साक्षात पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो, त्यांना कुंभाराने थापटावे! काकांनी निर्णय दिला: हे मडके कच्चे.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. भाजलेले मडके बोटाच्या टिचकीने पारखतात. थापटणे चालते ते ओलसर, भट्टीत न गेलेल्या मडक्यावर. आतून एका हाताने गोळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून हलके ठोके मारीत आकार आणावयाचा, अशी ती रीत. म्हणजे ‘कच्चे’ हा शब्द धिक्काराचा नव्हे. ज्याला अजून घडविता येईल त्याच्यासाठीच ते अवजार आहे.

नामदेवांची घडण औंढा नागनाथास झाली. विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे ते म्हणाले. आणि नामदेव जेथे पाय नेत तेथे लिंग प्रकटे. अद्वैताचा हा धडा सोपा वाटतो, आणि तेथेच तिसरी घसरण आहे. सर्वत्र देवच आहे, मग पूजा कशाला, कर्तव्य कशाला, असे म्हणून हात झटकणारे ज्ञानी आपल्या गावोगावी आहेत. मृत्तिकाच सत्य म्हणून मडके फोडून टाकले, तर पाणी कशात आणणार? बुद्धवचनांत तराफ्याचा दृष्टान्त आहे: नदी उतरल्यावर तराफा डोक्यावर वाहू नये. आमचे ज्ञानी तर नदीत उतरण्यापूर्वीच तराफा टाकून देतात.

नामदेवांनी तसे केले नाही. सर्वत्र देव दिसू लागल्यावरही त्यांनी पंढरी सोडली नाही, कीर्तन सोडले नाही. उलट ते अधिक दूरवर नेले. तेरच्या अंगणात कच्चे ठरलेले ते मडके पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत.