पृष्ठजलातील सूक्ष्मजंतुसमुदाय

पृष्ठजलातील सूक्ष्मजंतुसमुदाय : नद्या, सरोवरे, तलाव व धरणांचे जलाशय यांच्या पाण्यात एकत्र वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या विविध जातींच्या समूहाला ही संज्ञा लावतात. अनेक शहरांना पिण्याचे पाणी अशाच साठ्यांतून मिळत असल्याने या समुदायाचा अभ्यास सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

गोड्या पृष्ठजलाच्या एका मिलिलिटरमध्ये सामान्यतः सुमारे १० लाख सूक्ष्मजंतू असतात. त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असून ते मृत शैवले, पालापाचोळा इत्यादींपासून पाण्यात उतरलेल्या कार्बनी द्रव्यांवर जगतात व त्यांचे अपघटन करतात. काही जाती अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करतात. समुदायाचे स्वरूप ऋतुमानाप्रमाणे बदलते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर माती व मलमूत्रातील जंतू पाण्यात येतात. सांडपाणी व खते यांतील नायट्रोजन आणि फॉस्फरस साचल्यास उबदार, संथ पाण्यात मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित सूक्ष्मजंतू बेसुमार वाढतात. त्यांच्या काही वाणांचे यकृतास घातक असे विष पाणी उकळूनही नष्ट होत नाही. या विषामुळे २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलीडो शहराच्या सुमारे ४ लाख रहिवाशांना नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली होती.

आंत्रज्वर, आमांश इ. रोगांचे जंतू या समुदायाचे मूळ घटक नसून मुख्यत्वे विष्ठेवाटे पाण्यात येतात. पटकीचा जंतू मात्र खाड्यांच्या मचूळ पाण्यात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या आश्रयानेही राहतो. १८९२ मध्ये जर्मनीतील हँबर्ग येथे पटकीने सुमारे ८,६०० लोक दगावले. तेथे एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरविले जात असे. लगतचे आल्टोना शहर हँबर्गचे सांडपाणी मिसळलेले त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून घेत असल्याने बऱ्याच अंशी बचावले. या अनुभवाचे विवेचन रॉबर्ट कॉख यांनी केले. अशा मंदगती गाळणीत वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा चिकट थर तयार होतो व तो रोगजंतू अडवितो. म्हणजे येथे जलातील समुदायच शुद्धीकरणास साहाय्य करतो.

प्रत्येक रोगजंतू शोधणे अवघड असल्याने विष्ठादूषणाचा निर्देशक म्हणून एश्चेरिकिया कोलाय हा जंतू तपासतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलि. नमुन्यात तो मुळीच आढळता कामा नये. तथापि ही कसोटी परिपूर्ण नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवाच्या कोष्ठांवर नेहमीच्या मात्रेतील क्लोरिनाचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे निर्देशक जंतू नसतानाही ते पाण्यात असू शकतात. तसेच पोषक माध्यमावर पाण्यातील एकूण जंतूंपैकी फारच थोडे, बहुधा शेकडा एकाहूनही कमी, वाढतात. जिवंत असूनही माध्यमावर न वाढणारी अवस्था १९८२ मध्ये पटकीच्या जंतूत दाखविण्यात आली. आता रिबोसोमी आरएनएच्या जनुकांचा क्रम वाचून न वाढविता येणाऱ्या जातीही ओळखता येतात. मात्र आढळलेला जनुक जिवंत जंतूचाच आहे, हे त्यावरून निश्चित होत नाही.

शुद्धीकरणानंतरही पाणी पूर्णतः निर्जंतुक होत नाही. उरलेले जंतू नळांच्या आतील बाजूस थर करून वाढतात. म्हणून नळातील पाण्यात लिटरमागे किमान ०·२ मिग्रॅ. मुक्त शेष क्लोरीन राखतात. परंतु गळक्या नळांतून व खंडित पुरवठ्यामुळे सांडपाणी आत शिरल्यास एवढा क्लोरीन अपुरा पडतो. यास्तव जलाशयाच्या पाणलोटाचे संरक्षण, गाळणे, क्लोरीनीकरण व नळांची देखभाल ही चारही अंगे सांभाळावी लागतात.