चाकांच्या फळीवरील उडी

हातांनीं न धरतां पायाखालची फळी आपल्याबरोबर हवेंत उचलून न्यावयाची आणि पुन्हां तिच्यावरच उतरावयाचें, या उडीला स्केटबोर्डच्या खेळांत ‘ऑली’ म्हणतात. पाहणारास ती जादू वाटते. फळी पायांस चिकटविली असावी असा संशय येतो. फ्लोरिडांतील ॲलन गेल्फंड नांवाच्या मुलानें १९७८ च्या सुमारास खोलगट हौदांच्या चढत्या भिंतींवर ती प्रथम साधली. ‘ऑली’ हें त्याचेंच टोपणनांव. रॉडनी मलन यानें ती सपाट जमिनीवर आणली ती मागाहून, १९८० नंतर. उडीचा जन्म असा चढावर झाला. म्हणून नवशिक्यास वाटतें कीं, एखादा उंचवटा पाहून त्यावरून भरधाव जावें, म्हणजे उडी आपोआप होईल. शिकण्याचा क्रम मात्र उलटा आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही थळ येथें महिनाभर होतों. अलिबागच्या उत्तरेस, खांदेरी-उंदेरीच्या समोर हें गांव आहे. आमच्या धाकट्या बंधूंच्या बारा वर्षांच्या कन्येनें असली एक फळी बरोबर आणली होती, आणि तिला ही उडी शिकावयाची होती. घरांत अर्थातच दोन पक्ष पडले. आमच्या मातोश्री म्हणाल्या, “मुलीच्या जातीला हात मोडून कसें चालेल?” त्यावर नात म्हणाली, “आजी, दादाचा हात सायकलवरून पडून मोडला, तेव्हां त्याची सायकल कुणी काढून घेतली होती का?” या उत्तरावर मातोश्री गप्प बसल्या, संमति मात्र त्यांनीं दिली नाहीं.

आमचें मत असें कीं, आजीबाईंची भीति खरी होती आणि नातीचा प्रश्नहि खरा होता. या खेळांत मनगट सर्वांत आधीं दुखावतें, कारण पडणारा मनुष्य हात टेंकावयास जातो. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांची संस्था पांच वर्षांखालील मुलांस ही फळी देऊंच नये असें सांगते, आणि त्यापुढें दहा वर्षांपर्यंत वडील माणसाची नजर हवी म्हणते. परंतु या सल्ल्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाहीं. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, २०२१ सालीं, हा खेळ प्रथमच आला. त्यांतील रस्त्यावरील प्रकारांत मुलींचीं पहिलीं दोन पदकें मिळविणाऱ्या जपानच्या मोमिजी निशिया व ब्राझीलच्या रायसा लियाल या दोघीहि तेरा वर्षांच्या होत्या. दूर कशाला, गुजरातेंत झालेल्या २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिनें या खेळांत सुवर्णपदक मिळविलें. अखेर मातोश्रींनीं अट घातली: शिरस्त्राण, मनगटांचे व गुडघ्यांचे पट्टे आल्याखेरीज फळीवर पाय ठेवावयाचा नाहीं, आणि पट्टे आल्यावर आधीं पडावयास शिकावयाचें. ही अट आम्हांस फार शहाणपणाची वाटली. चार दिवस मुलगी गवतावर नुसती पडत होती. गुडघे वांकवून, अंग गोळा करून, खांद्यावर लोळण घेत. शेजारपाजारचे लोक हंसले. हंसोत बिचारे!

जागेचा प्रश्न याहून अवघड. वाडींतील वाट वाळूची, अंगण जांभ्याचें, रस्त्यावर मोटारी. फळीचें चाक जेमतेम दोन इंच व्यासाचें. लहानसा खडा आडवा आला तरी तें जागच्या जागीं अडतें आणि वर उभें असलेलें मूल तेवढें पुढें जातें. खोबरें वाळविण्याचें सिमेंटचें खळें अखेर उपयोगी पडलें, मात्र रोज झाडून घ्यावें लागे.

आतां उडीचें मर्म. मागचा पाय वर वळलेल्या शेपटीवर, पुढचा मध्याच्या किंचित पुढें. गुडघे वांकवून वर उसळतांना मागच्या पायानें शेपटीला ठसका द्यावयाचा. शेपटी जमिनीवर आपटते, पुढचें टोंक उठतें. त्याच क्षणीं पुढच्या पायाची बाहेरची कड टोंकाकडे घासत न्यावयाची. फळीवर काचकागदासारखें खरखरीत आवरण असतें. त्यामुळें पाय तिला वर ओढतो आणि सपाट करतो. मागचा पाय पोटाशीं आंखडला नाहीं, तर शेपटीला वर यावयास वावच मिळत नाहीं. हें सारें उभ्या फळीवर, मग चालत्या फळीवर जमलें म्हणजे उंचवट्याकडे वळावें.

खळ्याच्या कडेला सांडपाण्याची पन्हळ झांकून केलेला एक सिमेंटचा उंचवटा होता, वीतभरहि नव्हे. त्यावरून आधीं उडी न मारतां नुसतें जावयाचें, दहा वेळां, वीस वेळां. चढामुळें फळीचें तोंड आपणच वर होतें, तेव्हां ठसका थोडका पुरतो. वेळ मात्र अचूक लागते. पुढचीं चाकें माथ्यावर पोंचतांच ठसका द्यावा. मागचीं चाकेंहि माथा ओलांडून गेलीं, तर शेपटीला आपटावयास जमीनच उरत नाहीं. दुसरी खोड भीतीची. भ्यालेला मनुष्य मागें रेलतो, आणि रेलला कीं फळी पायांखालून पुढें निसटते. खांदे फळीशीं समांतर ठेवून, दोन्ही पाय चाकांच्या वर येतील असें, गुडघे मऊ ठेवून उतरावें. आमच्या मुलीस येथवर यावयास तीन आठवडे लागले. पहिली खरी उडी चार बोटांची होती, आणि ती मातोश्रींनीं सर्वांआधीं पाहिली, कारण त्या रोज ओट्यावर वाती वळीत बसत.

घरीं उतरण करावयाची तर फळकूट विटांवर टेंकवूं नये, तें सरकतें. खालीं चौकट खिळ्यांनीं ठोकून घ्यावी आणि जमिनीकडील कडेस पत्र्याची पट्टी लावावी, म्हणजे चाक अडत नाहीं.

किनाऱ्यावरील खारा वारा चाकांतील बेअरिंगांस लवकर गंज चढवितो, तेव्हां फळी रोज कोरड्या फडक्यानें पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब द्यावा. पावसांत ती काढूंच नये. ही फळी लांकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली असते. भिजली कीं थर सुटूं लागतात आणि ठसका बसेनासा होतो. मृग लागण्यापूर्वीं ती माळ्यावर टाकावी, आणि नवरात्रापर्यंत तेथेंच असूं द्यावी.