सदरेवरचा कागद

मराठी वाड्यात सदर म्हणजे कारभाराची बैठक. तिथे कोण गादीजवळ बसतो आणि कोण खांबाआड उभा राहतो, यावरून ज्याचा त्याचा मान कळत असे. जबलपुरात सदर म्हणजे छावणीची बाजारपेठ. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ साली गेला, इंग्रज आले आणि या शहराला छावणीचे वळण लागले. पण सदरेच्या जुन्या अर्थाची इथे आठवण यावी, अशी एक घटना या शहरात घडलेली आहे. ७ मार्च १८७० रोजी इटारसीकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अलाहाबादकडून आलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेला जबलपुरात जोडला गेला आणि मुंबई ते कलकत्ता सलग रेल्वे झाली. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरा हजर होते. असा सोहळा उभा राहतो तेव्हा त्याच्याबरोबर कागदांचा एक संसारही उभा राहतो: निमंत्रणे, प्रवेशाचे पास, बैठकीचे नकाशे, मेजवानीच्या पदार्थांच्या याद्या, गाड्यांची वेळापत्रके. यांतले बहुतेक कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. माझे म्हणणे असे की राजेशाही सोहळ्यांचा खरा साक्षीदार हा टाकाऊ कागदच आहे आणि संग्राहकाने त्याच्याच मागे लागावे.

जपून ठेवण्यासाठी म्हणून छापलेला कागद आपल्या मालकाची बाजू मांडतो. १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित केले आणि त्याच वर्षी टॅलबॉइज व्हीलरचा भव्य सरकारी इतिहास निघाला. त्याच महिन्यांत दख्खन दुष्काळाने होरपळत होती. त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने विणलेल्या जाड्याभरड्या स्वदेशी कपड्यांत गेले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेसारखेच हक्क मिळावेत असे मानपत्र त्यांनी सादर केले. आता समजा, अशा दरबारातल्या एका आसनाचा पास हाती आला. त्यावर दरवाजा, रांग, पोशाखाची अट असते. साम्राज्याने माणसांची उतरंड कशी लावली, हे त्या चार ओळींत उघडे पडते. सुवर्णाक्षरी ग्रंथात ते शोभेच्या वर्णनाखाली झाकून जाते. काकांच्या जाड्याभरड्या कपड्यांचे धाडस किती मोठे होते, हे पोशाखाची अट वाचल्यावरच नीट कळते.

१२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार याहून बोलका. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड पंचम जॉर्जपुढे एकदाच झुकले आणि पाठ फिरवून चालत गेले. त्यावरून इंग्रजी वृत्तपत्रांत गदारोळ उठला आणि सयाजीरावांना खुलासा करावा लागला. त्या दरबाराच्या चलचित्रात हा प्रसंग दिसतो, पण नुसत्या चित्रात काय दिसते? एक माणूस येतो, झुकतो, जातो. संस्थानिकाने कसे वंदन करायचे आणि राजाकडे तोंड ठेवून कसे मागे सरकायचे, हे आधी ठरलेले असते. ते नियम समोर ठेवले की त्या पावलांना अर्थ येतो. नियमाचा कागद नसेल तर नियमभंगाचा पुरावाही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. गुलामीच्या सोहळ्यांची लक्तरे जमवून आपण त्या सत्तेचाच गौरव करत नाही का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलेले राजमुकुटाचे चिन्ह गौरवच करते. पण कागद फाडून टाकल्याने सत्ता खोडली जात नाही, फक्त तिच्याविरुद्धचा पुरावा जातो. उपाय जबलपूरनेच दाखवला आहे. १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रहाची ठिणगी याच शहराच्या टाउन हॉलवर तिरंगी झेंडा चढवण्यावरून पडली. १९३९ च्या मार्चमध्ये शहराजवळच्या त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषबाबू आजारी होते, म्हणून त्यांची तसबीर रथात ठेवून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. १९०३ च्या व्हाइसरॉय कर्झनच्या दिल्ली दरबारातले हत्ती आणि त्रिपुरीचे हत्ती यांच्यात छत्तीस वर्षांचे अंतर आहे. तोच थाट आता दुसऱ्याच कारणासाठी वापरला जात होता. दरबाराचा पास आणि त्रिपुरीच्या प्रतिनिधीचे ओळखपत्र एकाच पेटीत ठेवले तर गौरवाचा प्रश्नच शिल्लक राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की हा पैसेवाल्यांचा छंद आहे आणि त्यामुळे सार्वजनिक ठेवा खासगी कपाटात बंद होतो. बाजारभाव वाढला की हे घडते, नाकारता येणार नाही. तरीही आपल्याकडे कागद वाचवण्याची परंपरा खासगी हातांनीच सुरू झाली. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, जुन्या दप्तरांतून पत्रे शोधली, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्यांनी कागद मिळवला आणि छापून सर्वांना दिला, म्हणून तो संग्रह ठरला. नुसता विकत घेऊन दडवला तर ती साठेबाजी आहे. कायदाही इथे लक्षात घ्यावा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची पंच्याहत्तर वर्षांची हस्तलिखिते आणि दस्तऐवज, तसेच शंभर वर्षांच्या इतर पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र चोरापेक्षा हौशी माणसाचा आहे. व्हिक्टोरियाच्या काळात पाकिटावरची राजचिन्हे कापून वह्यांत चिकटवण्याची हौस होती. चिन्ह वाचले, पत्ता, तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव गेले. आजही कुणी निमंत्रण लॅमिनेट करतो, कुणी चिकटपट्टी लावतो, कुणी पाकीट फेकून आतली पत्रिका तेवढी ठेवतो. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुकडे होतो. त्याला आम्लरहित कागदात, उजेडापासून दूर, सपाट ठेवावे. आणि तो कुठल्या घरातून, कुठल्या गठ्ठ्यातून, कुणाच्या कागदांबरोबर मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे. छावणीच्या बाजारात एखाद्या जुन्या घरचा गठ्ठा रद्दीत निघाला तर त्यातली सुबक पत्रिका उचलून बाकीचे वजनावर सोडणे हे नुकसान आहे. धोब्याचा हिशेब, गाडीचे तिकीट, पत्रिकेच्या पाठीवर कुणी पेन्सिलीने केलेली बेरीज, हे सगळे त्याच गठ्ठ्याबरोबर राहायला हवे.