सुभाष गुप्ते

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते (जन्म : ११ डिसेंबर १९२९, मुंबई, मृत्यू : ३१ मे २००२, पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद) हे भारतीय क्रिकेट खेळाडू होते. उजव्या हाताने लेगस्पिन गोलंदाजी करणाऱ्या गुप्ते यांनी १९५१ ते १९६१ या काळात भारतातर्फे ३६ कसोटी सामने खेळून १४९ बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत डावातील सर्व दहा बळी घेणारे, तसेच कसोटी सामन्याच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय गोलंदाज होत. वेस्ट इंडिजचे गॅरी सोबर्स यांनी आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर म्हणून त्यांचा गौरव केला आहे. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मैदानाबाहेरील एका प्रकरणावरून त्यांना संघातून वगळण्यात आले आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढे ते त्रिनिदादमध्ये स्थायिक झाले.

प्रारंभीची कारकीर्द

गुप्ते यांचा जन्म मुंबईतील मराठी कुटुंबात झाला. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही लेगस्पिनर होते व त्यांनी भारतातर्फे तीन कसोटी सामने खेळले. सुभाष गुप्ते यांनी १९४८-४९च्या हंगामात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. मुंबईखेरीज बंगाल व राजस्थान या संघांकडूनही ते खेळले. त्यांचा पहिला कसोटी सामना इंग्लंडविरुद्ध कोलकात्यात ३० डिसेंबर १९५१ रोजी सुरू झाला. मात्र १९५२च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. भारतीय संघातील त्यांचे स्थान पक्के झाले ते १९५३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात.

गोलंदाजीची शैली

लेगस्पिन गोलंदाज मनगट वळवून चेंडूला फिरकी देतो. टप्पा पडल्यावर हा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायाकडून ऑफस्टंपच्या बाजूला वळतो. गुगली हा याच ठेवणीतून टाकलेला, परंतु उलट दिशेने आत येणारा चेंडू होय. मनगटाचा वापर अधिक असल्याने या प्रकारात टप्पा व दिशा राखणे कठीण असते, म्हणून लेगस्पिनर अनेकदा महागडा ठरतो. गुप्ते यांचे वैशिष्ट्य असे की, चेंडूला भरपूर उंची व फिरकी देऊनही ते टप्प्यावरील नियंत्रण सोडत नसत. त्यांच्याकडे दोन प्रकारच्या गुगली होत्या असे सांगितले जाते. त्यामुळे एक गुगली ओळखू लागलेला फलंदाजही दुसरीला फसत असे. त्रिनिदादचे लेगस्पिनर विल्फ फर्ग्युसन यांच्या नावावरून संघातील सहकारी त्यांना 'फर्गी' म्हणत.

व्यावसायिक खेळाडू

त्या काळी भारतात क्रिकेट हा चरितार्थाचा व्यवसाय नव्हता. कसोटी खेळाडूंना मिळणारा भत्ता नाममात्र असे. खेळाडू नोकरीच्या किंवा संस्थानिकांच्या आश्रयावर अवलंबून असत. खेळावर रीतसर उत्पन्न मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील लीग क्रिकेट. १८९२ साली स्थापन झालेल्या लँकेशायर लीगमध्ये गिरणगावांचे क्लब खेळत. क्लबचे इतर खेळाडू हौशी असत, तर एक नामांकित खेळाडू हंगामभरासाठी करारावर, वेतन देऊन नेमला जाई. क्लबचे सामने खेळणे आणि क्लबच्या मुलांना शिकवणे ही त्याची कामे. त्याने अर्धशतक काढले किंवा डावात ठरावीक बळी घेतले की प्रेक्षकांमध्ये टोपी फिरवून त्याच्यासाठी वर्गणी जमवण्याची पद्धत होती. लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९२९ पासून नेल्सन क्लबकडून खेळून ही पद्धत जगभर प्रसिद्ध केली. लाला अमरनाथ, विजय हजारे, विनू मंकड, दत्तू फडकर आदी भारतीय खेळाडूही या लीगमध्ये खेळले. गुप्ते यांनी रिश्टन क्लबचे व्यावसायिक खेळाडू म्हणून काम केले.

लीगमधील करार आणि देशाच्या संघातील जागा यांचा मेळ बसणे नेहमीच सोपे नसे. १९५२ साली इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी न मिळाल्याने मंकड यांनी हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला होता. पुढे क्लबकडून त्यांना मागून घेऊन कसोटीत खेळवावे लागले. खेळाडूच्या बाजूने बोलणारी संघटना त्या काळी नव्हती आणि निवड समिती व नियामक मंडळ यांचा निर्णय अंतिम असे. गुप्ते यांच्या कारकिर्दीचा शेवट समजून घेताना ही परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

कसोटी कारकीर्द

१९५३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गुप्ते यांची गाठ फ्रँक वॉरेल, एव्हर्टन वीक्स व क्लाइड वॉलकॉट या प्रख्यात त्रयीशी होती. पोर्ट ऑफ स्पेन येथील तागाच्या मॅटिंगवर झालेल्या पहिल्या कसोटीत त्यांनी एका डावात १६२ धावांत ७ बळी घेतले. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत त्यांना २७ बळी मिळाले. भारताने मालिका ०-१ अशी गमावली, पण गुप्ते यांची गणना जगातील प्रमुख फिरकी गोलंदाजांत होऊ लागली.

डिसेंबर १९५४ मध्ये मुंबई संघाकडून खेळताना पाकिस्तान सर्व्हिसेस व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध त्यांनी ७८ धावांत डावातील दहाही बळी घेतले. त्यानंतरच्या पाकिस्तान दौऱ्यात पाचही कसोटी सामने अनिर्णित राहिले. त्या मालिकेत त्यांनी २१ बळी घेतले. ढाक्यातील सामन्यात एका डावात त्यांनी अवघ्या १८ धावांत ५ बळी टिपले.

१९५५-५६ मध्ये न्यूझीलंडचा संघ भारतात आला. भारताने ही मालिका २-० अशी जिंकली. गुप्ते यांनी ३४ बळी घेऊन एका मालिकेतील मंकड यांच्या भारतीय विक्रमाची बरोबरी केली. १९७२-७३ मध्ये भागवत चंद्रशेखर यांनी ३५ बळी घेईपर्यंत हा आकडा कोणत्याही भारतीय गोलंदाजाने ओलांडला नाही.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूर येथे वेस्ट इंडिजविरुद्ध गुप्ते यांनी पहिल्या डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. वेस्ट इंडिजचा डाव २२२ धावांत संपला. उरलेला एक बळी लान्स गिब्ज यांचा होता. गुप्ते यांच्या गोलंदाजीवर गिब्ज यांचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्याकडून सुटला आणि नंतर वसंत रांजणे यांनी त्यांचा त्रिफळा उडवला. भारताचाही पहिला डाव २२२ धावांतच आटोपला आणि वेस्ट इंडिजने हा सामना २०३ धावांनी जिंकला. याच मालिकेत गुप्ते यांचे कसोटीतील शंभर बळी पूर्ण झाले. मंकड यांच्यानंतर हा टप्पा गाठणारे ते दुसरे भारतीय होत. भारताने त्या मालिकेत चार कर्णधार बदलले आणि मालिका गमावली. संघ दुबळा असताना गुप्ते यांना प्रदीर्घ गोलंदाजी करावी लागे, हे त्यांच्या कारकिर्दीचे कायमचे चित्र होते. १९५९च्या इंग्लंड दौऱ्यात भारत पाचही कसोटी सामने हरला. त्या सामन्यांत गुप्ते यांना १७ बळी मिळाले.

१९६१चे दिल्ली प्रकरण

१९६१-६२च्या हंगामात इंग्लंडविरुद्ध कानपूर येथील कसोटीत गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले. भारताविरुद्ध इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी येण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यापुढील दिल्लीची कसोटी गुप्ते यांच्यासाठी अखेरची ठरली.

दिल्लीत संघ ज्या हॉटेलात उतरला होता, तेथे गुप्ते आणि ए. जी. कृपालसिंग एकाच खोलीत राहत होते. कृपालसिंग यांनी खोलीतून दूरध्वनी करून स्वागतकक्षातील एका महिला कर्मचाऱ्याला भेटीचे निमंत्रण दिले. तिने त्याविषयी व्यवस्थापनाकडे तक्रार केली. दूरध्वनी गुप्ते यांनी केला नव्हता. तरीही खोली दोघांची असल्याने दोघांवरही कारवाई झाली व त्यांना उर्वरित मालिकेतून वगळण्यात आले. सहकाऱ्याला दूरध्वनी करण्यापासून आपण का रोखले नाही, असा प्रश्न आपल्याला विचारला गेल्याचे गुप्ते यांनी पुढे सांगितले. आपला त्यात काही दोष नव्हता, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत कायम ठेवली.

भारताने कोलकाता व चेन्नई येथील पुढचे दोन्ही सामने जिंकून इंग्लंडविरुद्ध प्रथमच कसोटी मालिका जिंकली. त्या विजयात गुप्ते नव्हते. १९६२च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठीही त्यांची निवड झाली नाही. तेथे भारताने पाचही कसोटी सामने गमावले. कृपालसिंग १९६४ मध्ये भारतीय संघात परतले, पण गुप्ते यांना पुन्हा संधी मिळाली नाही.

त्रिनिदादमधील वास्तव्य

वेस्ट इंडिजच्या पहिल्या दौऱ्यात गुप्ते यांची ओळख त्रिनिदादच्या कॅरोल यांच्याशी झाली होती. पुढे दोघांचा विवाह झाला. कसोटी क्रिकेट संपल्यावर गुप्ते त्रिनिदादला गेले व तेथेच स्थायिक झाले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ते त्रिनिदाद संघाकडूनही खेळले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००० साली त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन सन्मानित केले. त्यानंतर दोन वर्षांनी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले.

आकडेवारी व मूल्यमापन

कसोटी सामने ३६, बळी १४९, सरासरी २९.५५, डावात पाच वा अधिक बळी १२ वेळा, सामन्यात दहा बळी एकदा. फलंदाजीत १८३ धावा, सर्वोच्च २१. प्रथम श्रेणी सामने ११५, बळी ५३०, सरासरी २३.७१, सर्वोत्तम कामगिरी ७८ धावांत १० बळी.

लेगस्पिनर साधारणतः तिशीनंतर परिपक्व होतो असे मानले जाते. त्या वयातच गुप्ते यांचे कसोटी क्रिकेट थांबले. दीडशे बळींना एक बळी कमी असताना त्यांची कारकीर्द संपली. चंद्रशेखर यांचा उदय १९६४ मध्ये झाला, तर कसोटीच्या एका डावात दहाही बळी घेणारे पहिले भारतीय होण्याचा मान १९९९ मध्ये दिल्लीतच अनिल कुंबळे यांनी मिळवला. भारतीय मनगटी फिरकीच्या या परंपरेत गुप्ते यांचे स्थान आद्य मानले जाते.