खरा तानपुरा की मोबाईलमधला? फरक नेमका कुठे आहे

बडोद्यात वासणा रोडवरच्या फ्लॅटमधली गाण्याची शिकवणी असो की सांगलीतली, सूर धरायला आता अनेक ठिकाणी मोबाईल नाहीतर इलेक्ट्रॉनिक पेटी असते. मूल दोन-तीन वर्षं शिकलं की घरात विषय निघतोच: मिरजेचा तानपुरा घ्यायचा की ॲपवरच भागवायचं? पैसे खर्च करण्याआधी दोन्हींचा आवाज कसा तयार होतो, ते बघू.

जवारी म्हणजे काय?

तानपुऱ्याची घोडी सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की त्या उतारावर टेकत, घासत ती थरथरते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की आवाज झणकारतो. हीच जवारी.

एरवी तार जिथे छेडतो, त्या जागेमुळे काही उपस्वर दबायला हवेत. तानपुऱ्यात तेही ऐकू येतात आणि त्याचं कारण ही घोडी आहे, असं सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. खर्जाची तार नीट लागली की कुणी न लावलेला गांधार कानावर येतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर.

बडोदा आणि मिरज या सुरांनी आधीपासूनच जोडलेले आहेत. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. बडोदा दरबारात गायलेले अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेत राहिले. त्यांची मुलगी हिराबाई जन्मली मिरजेत, पण गाजली बडोदेकर या आडनावाने.

नक्कल कुठे कमी पडते?

इलेक्ट्रॉनिक तानपुरा १९७९ च्या सुमारास बंगळूरचे इंजिनिअर आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी आणला. सुरुवातीच्या पेट्यांत सर्किटच आवाज तयार करायचं. आता बऱ्याच ॲपमध्ये खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग फिरून फिरून वाजतं. म्हणजे आवाज खरा, पण छेड तीच ती. हाताने छेडताना प्रत्येक वेळी बोट थोडं वेगळं पडतं आणि झणकार बदलतो.

दुसरी अडचण स्पीकरची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. मोबाईलचा छोटा स्पीकर तेवढा खाली उतरतच नाही. मग भरीवपणा जातो आणि नुसती किणकिण उरते.

गिटारवाल्यांमध्येही असाच वाद चालतो. फझ पेडल गिटारच्या ध्वनिलहरीची टोकं छाटतं, त्यातून नवे उपस्वर निघतात आणि आवाज खरखरीत होतो. १९६६ मध्ये लंडनहून आलेल्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर होते. जर्मेनियमचे नग एकसारखे निघत नाहीत, शिवाय उष्णतेने बिघडतात. त्यामुळे एकाच वर्षीची दोन जुनी पेडलंही वेगळी वाजू शकतात. नव्या नकलेत सर्किट तेच असतं, पण त्या एका नगाचा स्वभाव उतरत नाही. जवारीचंही तसंच.

तरी नकलेचा फायदा आहेच. सिलिकॉनचं पेडल मे महिन्यातल्या बडोद्यातही फारसं बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुराही पावसाळ्यात उतरत नाही, रेल्वेत फुटत नाही.

मग घ्यायचं काय?

रोजच्या रियाजाला ॲप चालेल, पण चांगल्या स्पीकरला जोडून. मात्र मुलाला सूर लावायला शिकवायचा असेल, तर खुंट्या पिळून, मणी सरकवून चार तारा स्वतः जुळवायला पर्याय नाही. ॲप तयार सूर देतं. तानपुरा तो शोधायला लावतो, आणि कान त्यातच तयार होतो.

तानपुरा घेताना खर्ज छेडा आणि गांधार ऐकू येतो का बघा. जुना तानपुरा मंद झाला असेल तर लगेच टाकून देऊ नका. तारांनी घोडी झिजते, जवारी पुन्हा काढून घेता येते.

पण ती काढणारा हात हवा. मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी १९व्या शतकात ही कला उभी केली. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव त्यामुळे जपलं जाईल. कारागीर टिकायचा तर घोडी घासून घ्यायला कुणीतरी त्याच्या दुकानाची पायरी चढायला हवी.