चित्रकथा : निवडीचे शिक्षण

शाळेच्या प्रदर्शनात एखाद्या विद्यार्थ्याची चित्रकथा मांडली जाते, तेव्हा पाहणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य येते, ‘किती सुंदर रंगवले आहे!’ हे कौतुक खरे असले तरी अपुरे असते. रंगकाम हा चित्रकथेचा उत्तरार्ध होय. त्यापूर्वी विद्यार्थ्याला काही प्रश्न सोडवावे लागतात. कथा कोणाची? ती कोठून सुरू करावी? कोणता प्रसंग दाखवावा आणि कोणता पाहणाऱ्याच्या कल्पनेवर सोपवावा? चित्रकथेचे खरे शिक्षण या निवडीत आहे.

जुनी विद्या

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे क्रमाने लावली, की त्यांची ‘पोथी’ होते. कथेकरी एक चित्र श्रोत्यांसमोर धरतो, वाद्यांच्या साथीने गातो, निरूपण करतो आणि मग पुढचे चित्र घेतो. या कलेच्या जतनासाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या पोथ्यांमधून आजच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट अवश्य घ्यावी. एका चित्रावर कथेकरी बराच वेळ बोलतो. म्हणून त्या चित्रात प्रसंगाचा गाभा यावा लागतो. सगळेच दाखवू पाहणारे चित्र शेवटी काहीच सांगत नाही.

ब्रह्मपुरीच्या परिसरात

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीच्या मुलाला कथेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. भाताच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव, मोहाची झाडे आणि जवळून वाहणारी वैनगंगा ही त्याची रोजची दृश्ये आहेत. नदीपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके चालतात. रंगविलेला पडदा बदलतो आणि वाड्याच्या जागी अरण्य उभे राहते. दृश्य बदलले की कथा पुढे सरकते, हा पहिला धडा या मुलांना पुस्तकाआधीच मिळालेला असतो.

मात्र याच परिसरातील एक विषय विद्यार्थ्याची कसोटी पाहतो. तो म्हणजे वाघ. ब्रह्मपुरी वनविभाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर असूनही येथे वाघांची मोठी वस्ती आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूपाने तोडण्यासाठी गावकरी पहाटेच रानात जातात. वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना घडतात, काही घरांतील माणसे कायमची जातात. हा विषय घेतला, की विद्यार्थ्याच्या हातून प्रथम उमटतो तो जबडा वासलेला वाघ आणि भडक लाल रंग. हे चित्र पाहणाऱ्याला क्षणभर दचकवते, परंतु त्यात कथा नसते.

खरा विचार येथून सुरू होतो. ही कथा कोणाची? पोटासाठी रानात जाणाऱ्या बाईची, तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मुलाची, की माणसांच्या वावराने वेढलेल्या वनात पिले वाढविणाऱ्या वाघिणीची? उत्तर बदलले की प्रत्येक चौकट बदलते. मुलाची कथा निवडली, तर वाघ एकदाही न दाखविता ती सांगता येते. पहाटे रिकामी टोपली उचलणारी आई, धुक्यात दिसेनाशी होणारी पायवाट, ओल्या मातीत उमटलेले पाऊल, दुपारी गावात सुरू झालेली कुजबुज आणि शेवटी दारात परत आलेली टोपली. ती कोणाच्या हातात आहे, यावर सारी कथा ठरते.

येथे एक मर्यादाही पाळावी लागते. ज्या घरात अशी घटना घडली आहे, त्यांचे दुःख हे प्रदर्शनाचे साहित्य नव्हे. खरी घटना घ्यावयाची असेल, तर त्या कुटुंबाची संमती असावी. ओळख पटेल असे तपशील टाळावेत. वाघाला खलनायक न ठरविता आणि माणसाचे दुःख लहान न करता कथा सांगणे कठीण आहे. म्हणूनच ते शिकण्याजोगे आहे.

काम संपल्यावर

चित्रकथा पूर्ण झाल्यावर ती एखाद्या लहान भावंडासमोर ठेवावी आणि काहीही न सांगता त्यालाच कथा सांगावयास लावावे. तो जेथे अडखळतो, तेथे दोन चित्रांमधील दुवा तुटलेला असतो. पहिले कच्चे आराखडेही फेकू नयेत. अंतिम चित्रांशेजारी ते मांडले, की आपण काय गाळले आणि का गाळले, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच उमगते. ते चार ओळींत लिहून ठेवणे हेच त्याचे खरे मनोगत.

विद्यार्थिदशेतील अशा कामाला मर्यादा असतात, हे खरे. परंतु ते नेहमीच किरकोळ असते असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर गावचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगर येथे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती कथा. अवघ्या काही मिनिटांच्या त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साधने तुटपुंजी होती, पण कोणाची कथा सांगायची हे पक्के ठरलेले होते.

प्रत्येक मूल चित्रकार किंवा दिग्दर्शक होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. परंतु दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय त्याला जन्मभर पुरते. म्हणून मुलाने चित्रकथा हाती दिली, तर रंगांचे कौतुक जरूर करावे. त्याबरोबर एक प्रश्नही विचारावा : ‘ही कथा तू कोणाच्या डोळ्यांनी पाहिलीस?’