क्वार्टरबॅक उभा कोठें राहतो?

फुटबॉल म्हटला कीं मुंबई-पुण्याच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें पायानें मारलेला गोल चेंडू येतो. अमेरिकेंत त्याच नांवानें जो खेळ चालतो त्यांतील चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि पायापेक्षां हातांतच अधिक वावरतो. अकरा-अकरा गड्यांच्या दोन पक्षांपैकीं ज्याच्या ताब्यांत चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. सरकला तर त्यास आणखी चार प्रयत्न. न सरकला तर चेंडू दुसऱ्याचा. पुढें जाण्याचे मार्ग दोन: चेंडू हवेंतून फेकणें, किंवा तो पोटाशीं धरून धांवत सुटणें. टाळ्या पडतात त्या बहुधा फेकीला. परंतु बोचऱ्या थंडींत, चिखलांत, किंवा आघाडी राखून घड्याळ संपवावयाचें असतां भिस्त असते ती धांवेवर. आणि ही धांव साधते कीं फसते हें धांवणाऱ्याच्या पायांइतकेंच दुसऱ्या एका गड्याच्या जागेवर अवलंबून असतें. हा गडी म्हणजे क्वार्टरबॅक.

त्याच्या नांवाचा उलगडा सोपा आहे. १८८० सालीं वॉल्टर कँप यांच्या पुढाकारानें असा नियम झाला कीं, चेंडू एका पक्षाच्या निर्विवाद ताब्यांत असावा व फळींतील मधल्या गड्यानें तो मागें देऊन डाव सुरू करावा. मागें दिलेला चेंडू प्रथम घेणारा गडी फळीच्या अगदीं जवळ, पाव अंतरावर उभा. म्हणून तो क्वार्टरबॅक. त्याच्या मागें हाफबॅक, सर्वांत मागें फुलबॅक. फळीमागें एकूण चौघांहून अधिक गडी उभे राहूं शकत नाहींत. व्यूहरचनेची सारी करामत या चौघांच्या मांडणींत आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनीं ‘सिंगल विंग’ नांवाचा व्यूह पुढें आणला. त्यांत चेंडू थेट कांहीं यार्ड मागें उभ्या असलेल्या टेलबॅकच्या हातीं जाई आणि क्वार्टरबॅक बिचारा नांवापुरता, प्रत्यक्षांत इतरांसारखाच प्रतिपक्षाला आडवा जाणारा एक गडी. फळीचें बळ एका अंगाला अधिक ठेवीत. रेटा जबरदस्त, पण हल्ला बहुधा कोणत्या अंगानें येणार हें समोरच्याला अगोदरच दिसे.

‘टी’ या जुन्याच व्यूहाला नवें रूप मिळालें तें १९४० च्या सुमारास. यांत क्वार्टरबॅक मधल्या गड्याला खेटून उभा राहतो व चेंडू हातोहात घेतो. बाकीचे तिघे त्याच्या मागें ओळीनें. ८ डिसेंबर १९४० रोजीं शिकागो बेअर्स या संघानें या व्यूहाच्या जोरावर वॉशिंग्टनला ७३ विरुद्ध ० असें धुळीस मिळविलें. तीनच आठवड्यांपूर्वीं याच वॉशिंग्टननें त्यांना ७–३ असें हरविलें होतें! त्या दिवसापासून क्वार्टरबॅक हा खेळाचा सूत्रधार ठरला.

या जागेचा धांवेला फायदा काय? चेंडू घेतांच क्वार्टरबॅक वळतो. त्याची पाठ प्रतिपक्षाकडे होते आणि चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. कोणाच्या हातीं दिला, कोणाला नुसती हूल दिली, हें कळेपर्यंत वेळ गेलेला असतो. शिवाय धांवणारा सुमारें सात यार्ड मागें असल्यानें चेंडू हातीं येईतों त्यानें दोन-तीन पावलें टाकून वेग घेतलेला असतो. तो सरळ फळीकडे तोंड करून येतो. खिंडार डावीकडे पडो कीं उजवीकडे, त्याला दोन्ही वाटा मोकळ्या.

मात्र येथें एक हिशेब आहे आणि तोच सर्व विषयाचें मूळ. चेंडू दिल्यावर क्वार्टरबॅकचें काम संपतें. तो व धांवणारा वगळले तर अडविणारे उरतात नऊ. समोर मात्र अकरा. म्हणजे दोन गडी नेहमींच मोकळे. यांपैकीं एखादा अगदीं मागें, लांब फेकीच्या राखणीला उभा असतो. दुसरा जो मोकळा राहतो तोच धांवणाऱ्याला लोळवितो. त्या एका माणसाचें काय करावें, या प्रश्नावर अमेरिकन शिक्षकांनीं पिढ्यान्‌पिढ्या डोकें खर्च केलें आहे.

उत्तर असें निघालें कीं, त्याला अडवूंच नये. त्याला नुसतें पाहावें. टेक्सस विद्यापीठाच्या संघानें १९६८ मध्यें एमरी बेलार्ड यांच्या ‘विशबोन’ व्यूहांत हेंच केलें व पुढें लागोपाठ ३० सामने जिंकले. पण क्वार्टरबॅकचे डोळे खऱ्या अर्थानें मोकळे झाले ते ‘शॉटगन’ मांडणींत. यांत तो फळीच्या सुमारें पांच यार्ड मागें उभा राहतो. १९६० मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें रेड हिकी यांनीं आणि १९७५ मध्यें डॅलस येथें टॉम लँड्री यांनीं ही मांडणी वापरली ती फेकीसाठीं. धांवेला ती प्रतिकूलच वाटे. धांवणारा क्वार्टरबॅकच्या शेजारीं उभा, चेंडू घ्यावयाचा तो आडवें जातांना, वेग जवळजवळ नाहींच. आणि तो डावीकडे उभा असला तर बहुधा उजवीकडे जाणार हें शेंबडें पोरही ओळखील.

१९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वेस्ट व्हर्जिनियांतील ग्लेनव्हिल या लहानशा महाविद्यालयांत रिच रॉड्रिग्ज यांनीं या उणिवेंतूनच नवा डाव काढला. फळीच्या टोकाचा प्रतिपक्षी मुद्दाम मोकळा सोडावयाचा. क्वार्टरबॅक चेंडू धांवणाऱ्याच्या पोटाशीं नेतो, पण नजर त्या गड्यावर. तो धांवणाऱ्यामागें लागला तर चेंडू काढून घेऊन त्यानें सोडलेल्या जागेंतून स्वतः पळावयाचें. तो जागींच थबकला तर चेंडू देऊन टाकावयाचा. हात न लावतां एक माणूस हिशेबांतून वजा झाला.

तरीही धांवणाऱ्याची बाजू उघडी पडे ती पडेच. २००५ मध्यें नेव्हाडा विद्यापीठाच्या ख्रिस ऑल्ट यांनीं दोन्ही पद्धतींची सांगड घातली. क्वार्टरबॅक चारच यार्ड मागें आणि धांवणारा शेजारीं नव्हे, तर त्याच्या पाठीमागें आणखी तीन यार्डांवर. एकूण सात, जुन्या व्यूहांतलें तेंच अंतर! वेग परत आला, दिशा झांकली गेली आणि क्वार्टरबॅकला पाठही फिरवावी लागली नाहीं. या मांडणीला ‘पिस्तूल’ म्हणतात.

तिची किंमत २०१२ च्या हंगामांत दिसली. वॉशिंग्टनचा नवखा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन यानें स्वतः धांवून ८१५ यार्ड मिळविले, आणि त्याच्या धाकानें मोकळीक मिळालेल्या आल्फ्रेड मॉरिसनें १,६१३. पण डिसेंबरांत धांवतांना ग्रिफिनचा गुडघा दुखावला आणि ६ जानेवारी १९१३ नव्हे, २०१३ च्या सामन्यांत तो पुरताच गेला. सहाच दिवसांनीं नेव्हाडांत ऑल्ट यांच्या हाताखालीं तयार झालेल्या कॉलिन केपर्निकनें सॅन फ्रॅन्सिस्कोतर्फे एका सामन्यांत १८१ यार्ड धांव काढून क्वार्टरबॅकांचा उच्चांक केला.

बचावाच्या शिक्षकांनीं दोन्ही घटनांवरून बोध घेतला. चेंडू कोणाकडेही असो, टोकाच्या गड्यानें क्वार्टरबॅकलाच धडकावें, अशी आज्ञा सुटूं लागली. २०१३ मध्यें व्यावसायिक संघांच्या पंचांनींही स्पष्ट केलें कीं, अशा डावांत क्वार्टरबॅक धांवणाराच समजला जाईल. फेकणाऱ्याला मिळणारें संरक्षण त्याला मिळणार नाहीं.